गाठीशी गाठ

घोडा म्हटलं की आपल्यासारख्या नऊ ते नऊवाल्या नोकरदारांना काय आठवतं? वेण्णा लेकवरची दहा मिनिटांची राइड. मित्राच्या वरातीत बँडच्या आवाजाने बुजलेलं पांढरं जनावर आणि त्याच्या पाठीवर त्याच्याहून जास्त बुजलेला नवरदेव. फार तर रेसकोर्स. देहूत मात्र घोड्याचा मान वेगळा. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी इथून निघते. पुढे बेलवाडी, इंदापूर, अकलूजच्या रिंगणात अश्व धावला, की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं अक्षरशः तुटून पडतात.

आमच्या भागातली दुसरी मानाची घोडी म्हणजे बैलगाड्याची. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावच्या घाटांत शर्यतीच्या वेळी बैलांच्या पुढे घोडी पळते आणि बैल तिच्या मागे सुटतात. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवला. शर्यती बरोबर की चूक, हा वाद मोठा आहे आणि आमच्या घरात तो दर रविवारी जेवणाच्या ताटावर होतो. पण एक नक्की. परवानगी मिळाली आणि आमच्या पंचक्रोशीतल्या रिकाम्या पागा पुन्हा भरू लागल्या.

काकांचीही भरली. एक जुनी घोडी होतीच, तिच्या जोडीला ते दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन दुसरी घेऊन आले. सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव. तिथली यात्रा घोडेबाजारासाठी देशभर प्रसिद्ध. लांबलांबच्या राज्यांतून घोडे येतात, एकमेकांना खेटून उभे राहतात, एकाच बादलीत तोंड घालतात. त्या गर्दीतून आमची बिजली आली. वय अडीच वर्षं, रंग कुमैत, कपाळावर पांढरा टिळा आणि स्वभाव... बॉस, अगदी नवीन जॉइन झालेल्या ट्रेनीसारखा. सगळ्याला घाबरायचं आणि सगळ्यात नाक खुपसायचं!

आठव्या दिवशी तिने हरभरा शिवला नाही. नवव्या दिवशी नाकातून पाणी. दहाव्या दिवशी सकाळी जबड्याखाली लिंबाएवढी सूज, आणि मी संध्याकाळी तळवड्याहून ऑफिस सुटल्यावर गेले तोवर लिंबाचं संत्रं झालेलं. मान पुढे ताणून उभी होती बिचारी. पाणी प्यायला जायची आणि एक घोट घेऊन मागे सरायची.

आता आपल्याकडे जनावर आजारी पडलं की डॉक्टर यायच्या आधी कमिटी भरते. आजीने दृष्ट काढली. शेजारचे म्हणाले, गांधीलमाशी चावली असणार. कुणीतरी म्हणालं, घटसर्प. (तो गाई-म्हशींना होतो, पण सूज घशापाशी असली की आपल्याकडे तेच नाव पहिलं निघतं.) काका म्हणाले, "काही नाही, दात येतायत." आणि गंमत म्हणजे हे अगदीच फेकलेलं नव्हतं. अडीच ते चार वर्षांच्या घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे येतात, तेव्हा खालच्या जबड्याला खरंच टेंगळं येतात. फक्त ती हाडासारखी कडक असतात, दाबलं तर दुखत नाहीत आणि त्यांच्यासोबत ताप येत नाही.

ताप! तो कुणी पाहिलाच नव्हता. डॉक्टर मॅडम आल्या आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे शेपटीखाली थर्मामीटर लावला. घोड्याचं नॉर्मल तापमान साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट. बिजलीचं १०४.८.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे एक वाक्य रोज ऐकू येतं, 'बग दिसतोय तिथे बग नसतो.' स्क्रीनवर एरर येते एका ठिकाणी, कोड फाटलेला असतो भलतीकडेच. मॅडमचं काम बघताना मला तेच आठवत होतं. सूज कुठे आहे, गरम आहे का, दाबल्यावर बोट रुततं का, एका बाजूला की दोन्ही, पायांवर काही आहे का, पोटाखाली काही आहे का? घोड्याला सूज येण्याची कारणं डझनभर. माशांमुळे पसरणारा सर्रा नावाचा रक्तातल्या परजीवीचा आजार झाला, तर पोटाखाली आणि पायांवर सूज चढते. किडा-मुंगी चावली तर चेहरा सुजतो, पण ताप सहसा नाही. बिजलीची लक्षणं वेगळी होती. कोवळं वय, गर्दीतला प्रवास, मग ताप, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड आणि जबड्याखाली गरम, दुखरी गाठ.

"स्ट्रँगल्स वाटतंय," मॅडम म्हणाल्या.

इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गळा आवळणं. स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय नावाचा जंतू नाका-तोंडातून शिरतो, घशाजवळच्या आणि जबड्याखालच्या लसीकाग्रंथींत ठाण मांडतो आणि तिथे पू धरतो. ग्रंथी इतक्या सुजतात, की घोड्याला गिळता येत नाही. कधीकधी श्वासही घेता येत नाही, म्हणून ते नाव. संसर्ग झाल्यापासून साधारण ३ ते १४ दिवसांत लक्षणं दिसतात. म्हणजे आमचा हिशेब थेट यात्रेशी जुळत होता. आजार नवाही नाही. युरोपातल्या घोडेवैद्यांनी तेराव्या शतकातच त्याचं वर्णन लिहून ठेवलंय.

काका लगेच म्हणाले, "मग मॅडम, द्या एक कडक इंजेक्शन. उद्या उतरली पाहिजे सूज."

"नाही द्यायचं," मॅडम म्हणाल्या.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आपण सगळेच असे ना? सर्दी झाली की मेडिकलवाल्याकडे जाऊन पहिलं वाक्य, 'अँटिबायोटिक द्या.' डॉक्टरने नुसता आराम सांगितला तर फी वाया गेल्यासारखी वाटते. मॅडमनी शांतपणे समजावलं. गाठ एकदा पिकायला लागली, की तिच्यातल्या पुवापर्यंत औषध नीट पोचत नाही. ताप उतरतो, घोडी बरी वाटते, पण गाठ अर्धवट राहते आणि औषध थांबलं की पुन्हा वर येते. घोडी श्वास घेतेय, थोडं का होईना खातेय, तर गाठ पिकू द्यायची, फुटू द्यायची, धुवायची. श्वास घुसमटायला लागला तर गोष्ट वेगळी, तेव्हा रात्री दोन वाजताही फोन करा. तोवर वेदना आणि ताप कमी करणारं औषध, गरम पाण्याचा शेक आणि भिजवलेला मऊ चारा.

आणि मग निघता निघता त्यांनी दुसरा शब्द उच्चारला. ग्लँडर्स.

"शक्यता कमी आहे. पण नाकातून स्राव आणि गाठी एकत्र असल्या की तो तपासल्याशिवाय सोडायचा नसतो. रक्त घेते. रिपोर्ट येईपर्यंत ग्लोव्ह्ज आणि मास्कशिवाय तिच्याजवळ कुणी जायचं नाही. लहान पोरं तर नाहीच."

ग्लँडर्स हा बर्कहोल्डेरिया मॅलिआय या जंतूचा आजार. नाकात व्रण, फुप्फुसात गाठी, कधी पायांवर माळेसारख्या फुटणाऱ्या गाठी. तो घोड्याकडून माणसालाही होऊ शकतो आणि माणसात जिवावर बेतू शकतो. इंग्रजांनी १८९९ मध्ये या एका आजारासाठी स्वतंत्र कायदा केला होता. आता तो जनावरांच्या साथरोगांच्या २००९ च्या कायद्यात येतो. आणि हे काही लांबचं प्रकरण नाही. बरीच वर्षं शांत असलेला हा आजार २००६ मध्ये पुन्हा दिसला तो महाराष्ट्रातच, पुणे आणि पाचगणी भागातल्या घोड्यांमध्ये, आणि नंतर इतर राज्यांत. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर उपचार नाहीत. घोड्याला दयामरण द्यायचं, मालकाला सरकारी भरपाई मिळते, विषय संपला.

औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुने गेले आणि आम्ही वाट बघत बसलो. अप्रेझलचं रेटिंग, व्हिसाचा निकाल, आईची बायोप्सी... वाट बघण्याचे प्रकार आपल्याला माहीत असतात. पण हे प्रकरण विचित्र होतं. पागेत जी उभी होती ती आपल्याकडे बघून कान टवकारत होती. तिला काही माहीत नव्हतं आणि आम्ही मास्कमागून तिच्याशी गोड बोलत होतो.

खरा पेच मात्र वेगळाच होता. पलीकडच्या गल्लीत एकांचे तीन वरातीचे घोडे. आमच्या बोअरजवळच्या सिमेंटच्या हौदावर त्यांचेही घोडे पाणी प्यायचे. बिजलीही पहिले आठ दिवस तिथेच प्यायली होती. आणि दिवस लग्नसराईचे. त्यांना सांगायचं की नाही?

घरात दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीचं म्हणणं, रिपोर्ट येऊ द्या, उगाच बोभाटा कशाला? उद्या काही नसलं तर गावभर नाव होईल, 'त्यांच्याकडची घोडी रोगी.' मग शर्यतीला कोण बोलावणार, आणि विकायची वेळ आली तर कोण घेणार? सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर २०२० मध्ये आपण हेच बघितलं ना? मजल्यावर पेशंट निघाला तर त्याची चौकशी नंतर, आधी लिफ्टचं बटण कुणी दाबलं त्याची. माणसं आजार लपवत होती ती आजाराच्या भीतीने कमी आणि शेजाऱ्यांच्या भीतीने जास्त.

काका रात्रभर काही बोलले नाहीत. सकाळी चहा झाल्यावर चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, तू पण ये. तुला ते इंग्रजी नाव नीट सांगता येतं."

शेजारच्या काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या या आठवड्यात चार वराती आहेत. त्या तुम्ही भरून देणार का?" काका म्हणाले, "भरून देऊ शकत नाही. पण उद्या घोडं तापानं आडवं झाल्यावर तुम्हाला कळलं असतं, की मला आधीपासून माहीत होतं, तर मी तोंड कुठं दाखवलं असतं?" त्यावर ते काही बोलले नाहीत. चहाही विचारला नाही. गावाकडे चहा न विचारणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण त्याच दिवशी त्यांनी हौदावर यायचं बंद केलं, वराती दुसऱ्याला दिल्या आणि तिन्ही घोड्यांचा ताप रोज दोनदा बघायला सुरुवात केली.

हा रोजचा ताप म्हणजे या आजारातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची युक्ती. कारण स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो आणि जंतू नाकातून बाहेर पडायला लागतात एक-दोन दिवसांनी. म्हणजे ताप दिसल्या दिसल्या घोडा बाजूला काढला, तर साखळी तिथेच तुटते. आमच्या जुन्या घोडीचं तसंच झालं. पाचव्या दिवशी ताप १०२.६, गाठ नाही, शेंबूड नाही, खाणं चालू. मॅडमनी या वेळी मात्र लगेच पेनिसिलिन सुरू केलं! काका चक्रावले. "तिला नाही म्हणालात, आणि हिला?" उत्तर सोपं होतं. गाठ धरायच्या आत दिलेलं औषध जंतूंना गाठू शकतं. तेच औषध, तोच जंतू, फरक फक्त वेळेचा.

जाता जाता एक गंमत सांगते. हे पेनिसिलिन भारतात सरकारी कारखान्यात पहिल्यांदा तयार झालं ते आमच्या शेजारी, पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. आपल्याला पिंपरी-चिंचवड म्हणजे ऑटो कंपन्या आणि आता मेट्रो एवढंच माहीत. आणि घोड्याचे उपकार म्हणाल तर तेही इथलेच. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तातून बनते. घोड्याला विषाचे अगदी छोटे डोस देतात, त्याचं शरीर प्रतिद्रव्यं तयार करतं आणि ती वेगळी काढून आपल्याला टोचतात. हाफकिनने त्यासाठी पिंपरीत वर्षानुवर्षं घोडे पाळले. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मूळही असंच. पूनावालांच्या स्टड फार्मचे निवृत्त घोडे हाफकिनला दिले जायचे. त्यावरून सीरम आपणच का बनवू नये, हा विचार सुचला आणि १९६६ मध्ये कंपनी उभी राहिली. पुणेकरांनी घोड्याला अधूनमधून थँक यू म्हणायला हरकत नाही.

असो. ग्लँडर्सचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्या संध्याकाळी आजीने पेढे वाटले. पुवाच्या तपासणीत स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय निघाला, म्हणजे पहिला अंदाज खरा. त्याच आठवड्यात गाठ फुटली. वर्णन करत नाही, तुम्ही कदाचित डबा खाताना हे वाचत असाल. एवढंच सांगते, की वाटीभर पू गेला आणि तासाभरात बिजलीने मान खाली घालून पोटभर पाणी प्यायलं. जखम रोज धुवायची, कपडे वेगळे, बूट वेगळे, बादली वेगळी, पू लागलेली वैरण जाळायची. सगळे खूश.

आणि मग तीन आठवड्यांनी तिचे चारही पाय सुजले.

गुडघ्यापासून खुरापर्यंत खांबासारखे पाय. पोटाखाली पसरट सूज. हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. घरात पुन्हा कमिटी भरली, 'जंतू राहिला असणार, आता तरी कडक इंजेक्शन द्या.' पण या सुजेत पू नव्हताच. याला परप्युरा हेमरेजिका म्हणतात. स्ट्रँगल्स झालेल्या काही मोजक्या घोड्यांत, आजारानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी तो उद्भवतो. जंतूशी लढायला शरीराने जी फौज उभी केली, ती लढाई संपल्यावरही घरी जात नाही आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडायला लागते. भिंतींतून पाणी झिरपतं आणि पाय सुजतात. वेळेत आवरलं नाही तर घोडा जातो. इथे फौजेला शांत करायला स्टेरॉइड लागतं, तेही एकदम बंद न करता हळूहळू कमी करत आणायचं. सोबत पेनिसिलिन, पायांना पट्ट्या, थंड पाण्याची धार आणि रोज थोडं चालवणं.

विचार करा, एकाच घोडीला दोनदा सूज आली. पहिल्या वेळी इंजेक्शन न देणं हा उपचार होता, दुसऱ्या वेळी न देणं म्हणजे तिला मारणं होतं. दिसायला दोन्ही वेळी प्रश्न एकच, 'सूज आलीये, काय देऊ?' दोन्ही वेळी मॅडमनी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळलं आणि आधी दुसराच प्रश्न सोडवला, 'सूज का आलीये?' आपण ऑफिसात रिलीजच्या आदल्या रात्री किती वेळा उलटं करतो, ते आठवून बघा.

बिजली वाचली. सहा आठवडे लागले. डाव्या मागच्या पायावर जखमेचा एक वण राहिलाय आणि या हंगामात ती कुठल्याही घाटात पळणार नाही. पुढच्या हंगामाचं काकांनी अजून ठरवलेलं नाही. माझं मत त्यांना माहीत आहे. रविवारचा वाद चालू राहील.

तिला मोकळी सोडायलाही घाई केली नाही. कारण बरा दिसणारा घोडा काही आठवडे जंतू सोडत राहतो, आणि साधारण दहातल्या एकात तो महिनोन् महिने लपून बसतो. घोड्याच्या घशाजवळ हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यांत पू सुकून खड्यांसारखा होतो. असा घोडा खातो, पितो, बाजारात चमकतो आणि दुसऱ्यांना आजार देतो. त्यामुळे सारंगखेड्याला ज्याच्याकडून घेतली त्याला शिव्या देण्यातही अर्थ नाही. त्यालाही कळलं नसेल. आठवड्याच्या अंतराने तीनदा नमुने तपासून तिन्ही निगेटिव्ह आले, तेव्हाच बिजली जुन्या घोडीशेजारी उभी राहिली.

शेजारच्या तीन घोड्यांपैकी एकाला ताप आला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो वेगळा बांधला. बाकी दोघे सुटले. चार वरातींचं नुकसान झालं ते झालंच, आणि ते अजून बोलून दाखवतात. पण महिन्याभरापूर्वी त्यांनी नवा घोडा आणला, तेव्हा त्याला तीन आठवडे मळ्यात एकटाच बांधला, स्वतंत्र बादलीसकट, आणि आणल्या दिवशीच काकांना फोन केला, "नवीन आणलाय. तुमच्या कानावर असू द्या." काकांनी फोन ठेवला आणि हौदाचं पाणी काढून तो घासायला घेतला.